उष्णतेचा सादिलवार खर्च

‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या कोणा पुण्यपुरुषाने प्रथम उच्चारली, त्याने ती मार्गशीर्षात, हुरड्याच्या आगटीजवळ पाय पसरून बसला असताना उच्चारली असावी, असा माझा दृढ समज आहे. कारण सोन्याची उष्णतावाहकता लोखंडाच्या सुमारे चौपट असते, आणि वैशाखातल्या भर दुपारी अशा पाळण्यात निजवलेल्या बालकाने जो टाहो फोडला असता, तो ऐकून म्हणकर्त्याने पाळण्याचा धातू तरी बदलला असता किंवा यमक तरी सोडले असते. आमचा जिल्हा अधिकृतरीत्या जन्मला तोही १ मे १९८१ रोजी, म्हणजे ज्या दिवसांत सावलीत ठेवलेल्या माठालाही घाम फुटतो अशा दिवसांत. फरक एवढाच, की माठ त्या घामाने थंड होतो आणि माणूस चिडतो. वर्षातले चार महिने ज्या मुलखात वस्तू थंड कशी करावी, यापलीकडे दुसरी चिंता सुचत नाही, तेथल्या माणसाला शीतलीकरणाचे शास्त्र नव्याने शिकवावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. पण गेल्या वैशाखात ते शिकण्याचा योग माझ्या कपाळी आला, आणि तोही माझ्या सख्ख्या भाच्याकडून.

भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता. अंबड तालुक्यात त्यांची मोसंबीची बाग आहे, बागेत सौर पंप आहे, आणि पंपाशेजारच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराच्या सावलीत, त्या पंपाचा नियंत्रक म्हणून एक धातूची पेटी टांगलेली आहे. ही पेटी सकाळी उत्तम चाले, संध्याकाळी उत्तम चाले, आणि दुपारी, जेव्हा सूर्य डोक्यावर येऊन पंपाने खरोखर काम करावे अशी वेळ होई, नेमकी तेव्हा तापून स्वतःला बंद करून घेई. कोणत्या कंपनीची पेटी होती हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दुपारी बंद होण्याचा हा गुण मी कित्येक कचेऱ्यांतही पाहिलेला आहे. ही पेटी थंड कशी होते आणि का होत नाही, याची गणिती प्रतिकृती संगणकावर उभारणे, हा भाच्याने आपल्या प्रकल्पाचा विषय घेतला होता, आणि गावातली वीज भरवशाची नसल्याने तो लॅपटॉप घेऊन जालन्यास आमच्याकडे महिनाभर मुक्कामाला आला.

आल्या आल्या त्याने तो लॅपटॉप गोधडीवर मांडला आणि गणित सुरू केले. अर्ध्या तासात त्या यंत्राचा पंखा असा काही घरघरू लागला, की आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांनी यंत्राच्या पोटाखाली हात घालून पाहिले, आणि एक अक्षर न बोलता गोधडी ओढून घेऊन त्या जागी जेवणाचा पाट सरकवला. घरघर हळूहळू उतरली. वस्तूच्या शीतलीकरणावरचा आमच्या घरातला हा पहिला यशस्वी प्रयोग होय. परंतु तो करणारीने त्यास प्रयोग म्हटले नाही, आणि ज्याच्यासाठी केला त्याने मान वर करून पाहिलेही नाही, त्यामुळे त्याची नोंद कोठेच झाली नाही.

तिसऱ्या रात्री भाचा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मामा, सगळं बसलंय, फक्त एच सापडत नाही.”

“शेवटचा कुठे पाहिला होतास?” मी विचारले.

तो हसला नाही. त्याने मला समजावून सांगितले, की एच हे उष्णता-संक्रमण गुणांकाचे चिन्ह आहे. पेटीचे क्षेत्रफळ ठाऊक आहे, आत किती उष्णता निर्माण होते ते ठाऊक आहे, बाहेरचे तापमान ठाऊक आहे, पण हा गुणांक ठाऊक असल्यावाचून पेटी किती तापेल हे निघत नाही. आणि पुस्तके पाहावीत, तर शांत हवेसाठी ५ ते २५, पंख्याच्या हवेसाठी २५ ते २५०, वाहत्या पाण्यासाठी १०० पासून १५,००० पर्यंत, आणि उकळत्या पाण्यासाठी २,५०० पासून थेट १,००,००० पर्यंत, अशी त्यात नुसती ऐसपैस कुरणे आखून दिलेली आहेत. वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन, असे त्याचे परिमाण. ५ ते २५ हा फरक ऐकून मला मौज वाटली. आमच्या काळी एखाद्या अंदाजपत्रकात अशी पाचपट मोकळीक कोणी ठेवली असती, तर ते अंदाजपत्रक परत आले असते, आणि त्यामागोमाग ते करणाऱ्याची बदली.

मी निवृत्त अव्वल कारकून आहे. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत पेशकार होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरात राजवट बदलली तरी दफ्तरातले शब्द बदलले नाहीत, ते आमच्या घराण्यात वारशाने आले. विज्ञानाशी माझा संबंध सातवीच्या परीक्षेनंतर तुटला होता. तरीही भाच्याने जेव्हा या गुणांकाची कुळकथा सांगितली, तेव्हा मला आपले कोणी जुने सोयरे भेटल्यासारखे झाले.

ही कथा थोर आयझॅक न्यूटनपासून सुरू होते. १७०१ साली त्याने आपले नाव न घालता, लॅटिन भाषेत, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उष्णतेच्या अंशांविषयी एक छोटासा निबंध छापला. त्या वेळी तो इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता, म्हणजे एका अर्थी आमच्याच वित्त विभागाचा माणूस, आणि नाव न घालता कागद पुढे सरकवण्याची त्याची पद्धतही मला ओळखीची वाटली. त्याने लोखंडाचा जाड ठोकळा लाल होईतो तापवला. तो निश्चल हवेत न ठेवता एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवला. त्यावर निरनिराळ्या धातूंचे तुकडे ठेवून ते वितळल्यावर पुन्हा केव्हा गोठतात त्या वेळा टिपल्या. आणि कमी उष्णतेच्या मोजणीसाठी जो तापमापक वापरला, त्यात पारा नव्हता, जवसाचे तेल होते. जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीबरोबर खाणाऱ्या आमच्या मराठवाड्याला, आपल्या ताटातला पदार्थ न्यूटनच्या तापमापकात होता, हे आजवर कोणी कळवू नये, याचे मला वैषम्य वाटले.

या उद्योगातून जे निघाले ते असे, की तापलेली वस्तू आणि तिच्या सभोवतालची हवा यांच्या तापमानांत जितकी तफावत, त्या प्रमाणात वस्तूची उष्णता निघून जाते. तफावत मोठी तर उष्णता झपाट्याने जाते, तफावत घटली की रेंगाळते. सुटीवरून परतलेला कारकून पहिल्या दिवशी जितक्या वेगाने थंड होतो तितका तो पुढे महिनाभर होत नाही, हाही त्याच नियमाचा दाखला. पुढे १८१७ साली दुलाँ आणि पेती या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तफावत थोडी असेल तोवरच हे प्रमाण टिकते, फार झाली की मोडते. पण खरा प्रश्न निराळाच आहे. प्रमाणात म्हणजे किती प्रमाणात? वस्तूच्या एक चौरस मीटर अंगावरून, एका अंशाच्या तफावतीमागे, किती वॅट जाणार? या ‘किती’च्या जागी जो आकडा बसवायचा तोच हा गुणांक.

“मग तो आकडा एकदा मोजला, वहीत लिहिला, की झालं,” मी म्हणालो.

“तेच तर होत नाही ना मामा! लोखंडाची वाहकता लोखंडाची असते. गुणांक कुणाचाच नसतो.”

येथे मी कान टवकारले. भाच्याने सांगितले, की ही फोड नीट केली ती जोसेफ फूरियर याने. हा गृहस्थ कित्येक वर्षे ग्रेनोबल येथे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडल्या जिल्हाधिकाऱ्याच्या जोडीचा अंमलदार होता, आणि रस्ते, दलदली व टपाल यांचा निपटारा करून उरलेल्या वेळात उष्णतेचे गणित करी. त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ साली निघाला. वस्तूच्या पोटातून उष्णता कशी वाहते हे निराळे, आणि वस्तूच्या पृष्ठभागावरून ती हवेत कशी जाते हे निराळे, असे त्याने दोन विभाग पाडले. पहिला गुण वस्तूच्या जन्माबरोबर येतो. तांब्याचा तांब्याबरोबर, मातीचा मातीबरोबर. दुसऱ्याचे तसे नाही. तीच पेटी उभी टांगली तर एक आकडा, आडवी ठेवली तर दुसरा. वारा सुटला तर तिसरा. तिला रंग दिला तर चौथा, आणि तापली तर, तापल्यामुळेच, पाचवा. माझ्या भाषेत सांगायचे तर वाहकता हा जन्माचा दाखला आहे, आणि गुणांक हा रहिवासाचा. पहिला एकदा काढला की आयुष्यभर पुरतो. दुसरा दर खेपेस नव्याने काढावा लागतो, आणि तो देणारा तलाठी म्हणजे वारा, तो जागेवर सापडेल याची शाश्वती नाही.

वस्तूच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून बसलेला असतो, उष्णतेला त्यातून वाट काढावी लागते, आणि तो थर जाड की पातळ, शांत की खवळलेला, हे वाऱ्याचा वेग, वस्तूचा आकार, पृष्ठभागाची ठेवण, दिशा, अशा नाना गोष्टींवर ठरते. या सगळ्यांचा स्वतंत्र हिशेब ठेवणे महाकर्मकठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी काय केले, तर त्या साऱ्यांना एका अक्षरात कोंबले, अक्षराला गुणांक हे भारदस्त नाव दिले, आणि पुढच्या गणिताला लागले. हे ऐकताच मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, “अरे, हा तर सादिलवार!”

सादिलवार खर्च म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी कचेरीचे मीठ खाल्ले नाही त्यांना सांगितले पाहिजे. पगाराला शीर्ष असते, प्रवासभत्त्याला असते, इमारतीच्या दुरुस्तीला असते. पण शाई, सुतळी, घागरी, केरसुणी, साहेब अचानक आले तर हार, आणि अचानक गेले तरी हार, अशा ज्या खर्चांना या जगात स्वतःचे शीर्ष नाही, ते सारे निराधार खर्च ज्या एका छपराखाली येऊन राहतात, त्याचे नाव सादिलवार. सादिलवार नसता तर एकही ताळेबंद जुळला नसता, आणि त्यात काय आहे असे विचारण्याची रीत नाही.

विचारणारा माणूस माझ्या नोकरीत एकच भेटला. आमच्या दफ्तरखान्यात उंदरांनी जुन्या मिसली कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही एका मांजरीला आश्रय दिला, आणि तिच्या दुधापोटी दरमहा साडेचौदा रुपये सादिलवारात खर्ची घालू लागलो. तीन वर्षे सारे सुरळीत चालले. चौथ्या वर्षी एक लेखापरीक्षक आले. काडीसारखे कृश, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी त्या आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, “तपशील.” मी मांजर सांगितले. ते म्हणाले, “प्रत्यक्ष पडताळणी.” आणि खरोखरच, खुर्ची मागवून, दफ्तरखान्याच्या दारात जाऊन बसले. मांजर हा प्राणी अधिकाराची पत्रास ठेवत नाही. ती दोन तास फिरकली नाही. लेखापरीक्षक दोन तास हलले नाहीत. शेवटी ती आली, तोंडात पुराव्यासह आली. तेव्हा त्यांनी त्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली आणि पाणीही न पिता निघून गेले. या माणसाच्या क्षुद्र बुद्धीची गोष्ट मी पुढे तीस वर्षे प्रत्येक पंगतीत सांगत आलो, आणि प्रत्येक पंगत हसत आली.

असो. भाच्याने माझ्या देखत हिशेब मांडला. पेटीत ४० वॅट उष्णता उत्पन्न होते. पन्हळी धरून पेटीचे अंग ०.२ चौरस मीटर. बाहेर सावलीत ४२ अंश. गुणांक १० धरला तर पेटी हवेपेक्षा २० अंशांनी वर, म्हणजे ६२ अंशांवर स्थिरावते, आणि हे तिला सोसते. गुणांक २० धरला तर ५२ वर, म्हणजे चैनच. आणि ५ धरला तर ८२ वर, म्हणजे पंप बंद. पेटी तीच, ऊन तेच. एका अक्षराची किंमत बदलली की तीच पेटी एकदा सुखाने नांदते आणि एकदा प्राण सोडते. मला आमच्या ताळेबंदांची आठवण झाली.

१० हा आकडा त्याने हवेतून घेतला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे; म्हणजे अर्धाच हवेतून घेतला होता. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर जाते, त्या अभिसरणाचे चार-पाच. आणि उरलेले प्रारणाचे, कारण तापलेली वस्तू वारा नसला तरी अदृश्य किरणांनी उष्णता टाकतच असते. येथे मी एक शहाणपणाची सूचना केली, की पेटी घासून आरशासारखी चकचकीत करावी म्हणजे ती गार राहील. भाच्याने ती सूचना प्रेमाने फेटाळली. चकचकीत धातू उन्हाची उष्णता घेताना कंजूष असतो हे खरे, पण आपली देतानाही तितकाच कंजूष असतो. रंग दिलेला पृष्ठभाग या बाबतीत उदार, आणि मौज अशी, की या तापमानाला जी किरणे निघतात त्यांच्यापुरता पांढरा रंग आणि काळा रंग जवळजवळ सारखेच उदार. उन्हात मात्र पांढरा बरा, कारण तो घेतो कमी आणि देतो पुरेपूर. असा व्यवहार करणाऱ्याला आमच्याकडे भोळा म्हणतात. उष्णतेच्या राज्यात तोच सुखी.

या चर्चा रात्री चालत, आणि सकाळी चहा येई. चहा मी बशीत ओतून पितो, ही गोष्ट भाच्याला पूर्वी गावंढळ वाटे. आता तो माझ्या बशीकडे आदराने पाहू लागला. बशीत चहाचा पृष्ठभाग कपापेक्षा कितीतरी वाढतो, थर पातळ होतो, फुंकरीने वारा मिळतो, वर वाफ उडून जाते ती निराळीच. म्हणजे क्षेत्रफळ आणि गुणांक या दोन्ही हत्यारांनी एकाच वेळी चहावर चाल केलेली. आमच्या सौभाग्यवती तर या शास्त्रात मुरलेल्या निघाल्या. विरजणाचे दूध त्या पसरट पातेल्यात काढतात, पातेले पाण्याच्या परातीत ठेवतात, मधूनमधून ढवळतात, आणि करंगळी बुडवून म्हणतात, “झालं.” भाच्याने त्यांना विचारले, “मामी, किती अंश?” त्या म्हणाल्या, “कोमट.” त्याने तापमापक घालून पाहिला, दुसऱ्या दिवशी पाहिला, तिसऱ्या दिवशी पाहिला, दर वेळी आकडा एकाच ठिकाणी येई, फार तर अंशाच्या फरकाने. त्या दिवसापासून त्याच्या वहीत ‘कोमट’ हा शब्द आकड्याच्या रकान्यात दिसू लागला.

मामींनीच त्याला बीओची संख्याही शिकवली, जरी त्या बीओ या फ्रेंच विद्वानाला ओळखत नाहीत. एका रविवारी त्यांनी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. भाच्याने रोडग्याला वरून हात लावला, तो निवालेला वाटला, म्हणून मोठा घास घेतला. आणि मग तो बराच वेळ तोंड उघडे ठेवून अंगणात फिरत होता. वस्तूच्या पोटातून उष्णता बाहेर यायला जी अडचण, आणि अंगावरून हवेत जायला जी अडचण, या दोन अडचणींच्या गुणोत्तराला बीओची संख्या म्हणतात. ती एक दशांशाहून कमी असेल तर वस्तू आतबाहेर एकाच तापमानाची मानावी आणि खुशाल एकच समीकरण लिहावे. जास्त असेल तर वरच्या स्पर्शावर विश्वास ठेवू नये. तांब्याची कडी पहिल्या जातीची, रोडगा दुसऱ्या. काही अधिकारीही दुसऱ्या जातीचे असतात. वरून निवालेले पाहून रजेचा अर्ज पुढे करावा, तो जीभ पोळते.

गुणांकाचे विराट दर्शन मात्र मला घडले ते औद्योगिक वसाहतीत. जालना ही भंगार वितळवून सळई करणाऱ्यांची नगरी आहे, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ओळखीच्या एका गृहस्थाने आम्हांला एका रोलिंग मिलमध्ये नेले. सुमारे साडेनऊशे ते हजार अंशांची, नारिंगी नागिणीसारखी सळई शेवटच्या रुळांतून सुसाट निघते, पाण्याच्या झोताच्या नळकांड्यातून जाते, आणि एका क्षणात तिचे अंग काळे पडते. मी म्हणालो, “निवली.” तेथला फोरमन म्हणाला, “थांबा साहेब.” पाहतो तो, ती काळी सळई पुढच्या मांडवावर पडल्यावर आपल्याच पोटातल्या उष्णतेने पुन्हा धुमसू लागली. पाण्याने तिची साल क्षणार्धात कडक केली, गाभा तापलेलाच राहिला, आणि गाभ्याची ती उष्णता बाहेर येताना सालीला सुमारे सहाशे अंशांपर्यंत पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा काढते. बाहेरून कठीण, आतून लवचीक. टीएमटी म्हणतात ती हीच. ज्या न्यायाने रोडगा भाच्याची जीभ पोळतो, त्याच न्यायावर आमच्या घराचा स्लॅब उभा आहे, हे मला त्या दिवशी कळले.

तेथे आणखी एक गोष्ट कळली. पाणी इतक्या जोराने का मारता, असे मी विचारले, कारण आमच्या समजुतीप्रमाणे इतक्या तापलेल्या लोखंडावर तांब्याभर पाणी नुसते ओतले तरी पुरे. भाच्याने उत्तर दिले, की अतितप्त लोखंडावर पाणी पडताच त्याची वाफ होते, आणि ती वाफच लोखंड आणि पाणी यांच्या मध्ये पडदा धरून उभी राहते. पाण्याला मग लोखंडाची भेटच होत नाही. कडकडीत तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब चट्‌कन उडून न जाता मोत्यासारखा नाचत राहतो, तो याच कारणाने. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली हे लिहून ठेवले. म्हणजे वस्तू जितकी जास्त तापलेली तितकी तिची उष्णता झपाट्याने जाईल, हा न्यूटनचा साधा हिशेब येथे उलटा फिरतो. ही वाफ म्हणजे साहेबाच्या दारातला पट्टेवाला. साहेबाच्याच उष्णतेतून तो जन्मतो, आणि साहेब जितका तापट तितका तो अर्जदाराला आत सोडत नाही. तेथे सौम्य निवेदनाचा उपयोग होत नाही, जोराचा झोतच लागतो.

अशा रीतीने सर्व बाजूंनी सुसज्ज होऊन भाच्याने आपली प्रतिकृती पुरी केली, गावी जाऊन पेटीवर तापमापक चिकटवला, आणि परत आला तो चेहरा उतरवून. गणित म्हणत होते ६२. पेटी म्हणत होती ८२. त्याने तीन रात्री समीकरणे तपासली. चौथ्या सकाळी मात्र तो प्रसन्न दिसला. संगणकावरची रेषा मोजलेल्या ठिपक्यांवरून अशी काही सुरेख गेली होती, की जणू ठिपके तिच्यासाठीच मांडले होते.

“जमलं मामा!”

“काय केलंस?”

“एच पाच घेतला.”

“पाचच का?”

तो क्षणभर थांबला. “पाच घेतला की जुळतं.”

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकले होते. बहुतेक वेळा माझ्याच तोंडून. तरीही का कोण जाणे, त्या सकाळी ते मला गोड लागले नाही. कागद जुळला होता, पण बागेत पेटी ८२ अंशांवरच होती, पंप दुपारी बंदच पडत होता, आणि मोसंबीला ताळेबंदाचे पाणी चालत नाही. आणि मला एकाएकी, तीस वर्षांनी, दफ्तरखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेला तो कृश माणूस दिसला. त्याने मांजरीचे दूध नामंजूर केले नव्हते. सादिलवार हे शीर्षच बंद करा असेही तो म्हणाला नव्हता. त्याला एवढेच पाहायचे होते, की त्या आकड्याच्या पोटात खरोखर मांजर आहे की नाही. ती होती म्हणून आम्ही हसलो. नसती, तर मिसली कुरतडल्या जात राहिल्या असत्या आणि ताळेबंद तेव्हाही जुळलाच असता.

“तपशील,” मी भाच्याला म्हणालो.

“कसला?”

“पाचाचा. दहाचे पाच कोणी केले?”

त्याच दिवशी एस. टी. ने आम्ही गावी गेलो. दुपारी बारा वाजता मी पेटीसमोर खाट टाकली, डोक्याला पंचा गुंडाळला, आणि बसलो. भाचा शेजारी. पेटीच्या पाठीला उभ्या पन्हळी होत्या, ज्यांतून हवेने खालून शिरावे, तापावे आणि वर निघून जावे अशी योजना होती. पण ती पाठ भिंतीकडे होती, आणि आजवर सर्वांनी पेटी समोरूनच पाहिली होती. अर्धा तास गेला, तास गेला. मग ठिबकच्या गळक्या नळीपाशी झालेल्या ओलीतून एक कुंभारमाशी उठली, तोंडात चिखलाची गोळी घेऊन आमच्या नाकासमोरून गेली, आणि पेटीच्या मागे शिरली. थोड्या वेळाने रिकामी बाहेर आली, पुन्हा ओलीकडे गेली, पुन्हा गोळी घेऊन आली. सालगडी म्हणाला, “ती तं रोजच येते, मामा.”

पेटी उतरवून पाहिली, तो पाठीच्या पन्हळींत, एकीआड एक, मातीची घरे लिंपलेली, आणि उरलेल्या पन्हळींत कापसाचे तंतू व धूळ. हवेला खालून शिरायला वाट नव्हती आणि वर जायला तर नव्हतीच. पंपाचा वीजपुरवठा बंद करून सालगड्याने वाळक्या पऱ्हाटीच्या काडीने पन्हळी कोरून काढल्या, पेटी भिंतीपासून चार बोटे सोडून पुन्हा टांगली, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाच्याने तापमान वाचले. ६३. पंप चालत होता.

त्या एका अंशाची तफावत राहिली, ती शोधायला भाचा पुन्हा निघाला होता. मी त्याला म्हणालो, एवढी सादिलवारात टाक, माझी सही घे. पण प्रकल्पाच्या कागदात, गुणांकाच्या आकड्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात त्याने ‘कुंभारमाशी’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. परीक्षकांनी त्याला विचारले म्हणे, हे काय? तेव्हा त्याने माशीचे छायाचित्र पुढे केले. आणि मी? पंगतीत ती मांजरीची गोष्ट मी अजून सांगतो. फक्त लोक हसू लागले, की आताशा मी पानाकडे पाहतो.